पॅलेस्टाईनचा स्वयंपाक, आमच्या चुलीवर

इतिहासाच्या तासाला सरांनी १९४८ सालच्या युद्धाविषयी सांगितले. त्या सुमारास सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक घरदार सोडून परागंदा झाले. मी तो आकडा वहीत उतरवला आणि परीक्षेपुरता पाठ केला. पुढे सरांनीच रीम कासिस यांचे २०१७ साली निघालेले पॅलेस्टिनी स्वयंपाकाचे इंग्रजी पुस्तक वाचावयास दिले. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते वाचले आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आईला म्हणालो, “यातले काही करून पाहू.” आई शाळेत गेलेली नाही. मी वाचायचे, तिने सांगायचे आणि हातभार दोघांनी लावायचा, असे ठरले.

आरंभ मुजद्दरापासून केला, कारण त्याला लागणारे सगळे जिन्नस घरात होते. या अरबी शब्दाचा अर्थ ‘देवीचे व्रण असलेली’. पांढऱ्या भातात काळसर मसूर दिसतो म्हणून हे नाव. पदार्थ फार जुना आहे. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथातही तो सापडतो. एक वाटी अख्खा मसूर अर्धाकच्चा शिजवावा, त्यात एक वाटी भिजवलेले तांदूळ, मीठ व जिऱ्याची पूड घालून मंद आचेवर मुरू द्यावा. खरी कसोटी कांद्याची. चार मोठे कांदे उभे पातळ चिरून भरपूर तेलात गडद तांबूस होईपर्यंत तळावेत. निम्मा कांदा तेलासकट भातात मिसळावा, उरलेला वर पसरावा. सोबत दही आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. मी घाई करून आच वाढवली तेव्हा आई म्हणाली, “कांदा करपला की सगळी हंडी कडू होते रे.” पहिला घास घेऊन ती म्हणाली, “ही तर आपली खिचडीच की!”

दुसऱ्या दिवशी मकलूबा केला. मकलूबा म्हणजे ‘उलटा केलेला’. तळलेल्या वांग्याच्या चकत्या आणि शिजवलेली कोंबडी पातेल्याच्या तळाशी रचतात. त्यावर भिजवलेले तांदूळ पसरून दालचिनी-वेलदोड्याचे रस्सापाणी ओततात. भात शिजल्यावर पातेले परातीवर पालथे घालतात, आणि वांग्याचा थर वर येतो. पालथे घालण्यापूर्वी पंधरा मिनिटे थांबायचे असते. मी थांबलो नाही. परातीत डोंगराऐवजी दरड कोसळली. चवीला मात्र कोणी नाव ठेवले नाही.

खरी अडचण मुसख्खनला आली. हा तेथील शेतकऱ्यांचा पदार्थ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जैतुनाची फळे उतरवायला सगळे कुटुंब रानात जाते. नवे तेल निघाले की ‘ताबून’ नावाच्या मातीच्या भट्टीत रोटी भाजून त्या तेलात भिजवतात. त्यावर शिजवलेला कांदा, भाजलेली कोंबडी आणि सुमाक घालतात. सुमाक म्हणजे एका झुडपाच्या लाल, आंबट फळांची पूड. आमच्या बाजारात जैतुनाचे तेल नाही, सुमाकही नाही. आम्ही शेंगदाण्याचे तेल आणि वाळलेल्या आमसुलाची पूड वापरली. पदार्थ चांगला झाला. पण तो मुसख्खन होता का?

या प्रश्नापाशी मला वहीतला तो आकडा आठवला. लेबनॉन, जॉर्डन, अमेरिका येथे विखुरलेल्या घरांतून किती आयांनी असाच बदलीचा जिन्नस घालून वेळ निभावली असेल! मसूर कोठेही मिळतो. आपल्या टेकडीवरचा झातर कोठून आणायचा? झातर ही ओव्याच्या वासाची आठवण देणारी रानवनस्पती. ती वाळवून तीळ, सुमाक व मीठ घालून ठेवतात, आणि सकाळी रोटी तेलात बुडवून त्यात टेकवून खातात. आपल्या तिळाच्या चटणीसारखीच ती घरोघर असते. इस्राएल सरकारने १९७७ साली तिला संरक्षित वनस्पती ठरवून रानातून तोडण्यास बंदी केली. पिढ्यान्पिढ्या बायका जी पाने खुडून आणत, ती खुडणे गुन्हा ठरले. पुढे ते निर्बंध सैल झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर गाझा शहर व परिसरात अन्नाचा दुष्काळ पडल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. तो पावसाने ओढ दिल्यामुळे नव्हे, युद्धामुळे पडला होता. ज्या मसूर-तांदळाला आम्ही साधे जेवण म्हणालो, तेही तेथे किती घरांत शिजले नसेल.

फ्रीके हा आणखी एक जिन्नस सांगण्याजोगा आहे. गहू हिरवा असतानाच कापून जाळावर भाजतात व चोळून दाणे काढतात. धुराचा वास असलेल्या त्या दाण्यांचे सूप किंवा भात करतात. हे वाचून दाखवताच आई म्हणाली, “म्हणजे आपल्या ओंब्या!” तिला पॅलेस्टाईन नकाशावर दाखवता येणार नाही. पण हे धान्य कोणत्या दिवसांत कापत असतील, ते तिने बरोबर ओळखले.

कासिसबाई परदेशी राहतात. घरचे पदार्थ आपल्या मुलींना कळावेत म्हणून त्यांनी ते लिहून ठेवले. माझे गाव जागेवर आहे, रान जागेवर आहे, म्हणून लिहिण्याची निकड आम्हाला कधी वाटली नाही. पण मी शिकण्यासाठी बाहेर पडलो आहे, बहीण लग्न होऊन शहरात गेली आहे. आईच्या हातचे माडगे, उकडशेंगोळी, अंबाडीची भाजी कोणत्याच पुस्तकात तिच्या रीतीने लिहिलेली नाही.

म्हणून या सुट्टीत मी एक दोनशे पानी वही केली आहे. “मीठ किती?” असे विचारले की आई म्हणते, “अंदाजानं.” तो अंदाज कागदावर कसा उतरवावा हे मला अजून साधलेले नाही. तूर्त तिने मुठीत घेतलेले मीठ हंडीत पडण्यापूर्वी मी वाटीत मागून घेतो, चमच्याने मोजतो आणि मग तिला परत देतो.