फडके रोडवरचा फेरफटका

अमेरिकेतील लहान गावांत वाढलेली माणसे उतारवयात एकत्र जमली, की एका गोष्टीच्या आठवणी हटकून निघतात. शनिवारची संध्याकाळ, वडिलांकडून मागून घेतलेली मोटार, गावच्या मुख्य रस्त्यावरून उगाच मारलेल्या फेऱ्या, आणि शेवटी रस्त्याकडेच्या उपाहारगृहासमोर मोटारीतच बसून खाल्लेले खाणे. अशा उपाहारगृहाला तिकडे ‘ड्राइव्ह-इन’ म्हणतात. गिऱ्हाइकाने खाली उतरावयाचे नाही. वाढपी खिडकीशी येतो आणि ताट मोटारीच्या दाराला अडकवून जातो. अशी पहिली खानावळ १९२१ साली डॅलस येथे निघाली, असे सांगतात. जॉर्ज लुकास यांचा १९७३ सालचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ हा चित्रपट याच आठवणींवर उभा आहे.

तो चित्रपट पाहताना माझ्या मनात आलेला प्रश्न मात्र युनियनवाल्याचा होता. या पोरांच्या बापांना शनिवारची सुट्टी दिली कुणी? हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. त्यात निव्वळ परोपकार नव्हता. ज्याला फिरावयास वेळच नाही तो मोटार कशाला घेईल, हा त्यांचा हिशेब होता. पुढे १९३८ च्या कायद्याने, १९४० पासून, आठवड्याचे ४० तास हे माप ठरले आणि त्यावरील कामाला दीडपट मजुरी आली.

आपल्याकडे गिरणी कामगाराच्या रविवारचा इतिहास ठाण्यापासून सुरू होतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तेव्हा गिरण्यांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. हे सारे मला फार उशिरा, वाचनालयाच्या बाकावर बसून कळले.

पण आमच्या घरी रविवार असून नसल्यासारखा होता. वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. सगळ्या कारखान्यांचा विजेचा भार एकदम पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांना सुट्टीचे निरनिराळे वार वाटून दिलेले असत. वडिलांच्या वाट्याला शुक्रवार आला होता. शुक्रवारी ते घरी तर मी शाळेत. रविवारी मी घरी तर ते पाळीवर. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने आठवड्यातून एक सुट्टी दिली खरी, पण बापलेकांची गाठ घालून देणे हे काही कायद्याचे काम नव्हे. एका वर्षी दसरा शुक्रवारी आला, तेवढा एक दिवस आम्ही दोघे ठाण्याला जाऊन मासुंदा तलावाच्या काठी बसलो. काय बोललो ते आठवत नाही. भेळ खाल्ली एवढे आठवते.

मोटार आमच्या चाळीत कुणाकडेच नव्हती. गंमत अशी, की कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये पद्मिनी मोटारी बांधणारे दोघे जण आमच्याच मजल्यावर राहात आणि रोज लोकलला लोंबकळत कामावर जात. आम्हां पोरांची मोटार म्हणजे तासाच्या भाड्याची सायकल. तिघांत एक घ्यावयाची आणि डबलसीट, ट्रिपलसीट करीत खिडकाळीच्या देवळापर्यंत जावयाचे. परतताना घड्याळाकडे लक्ष. पाच मिनिटे उशीर झाला तरी दुकानदार पुढच्या तासाचे पैसे लावी.

आणि फेऱ्या मारावयाच्या त्या फडके रोडवर. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून डोंबिवलीची तरुण मंडळी तेथे जमतात, गणपतीचे दर्शन घेतात आणि मग त्याच रस्त्यावर वर-खाली हिंडतात. अमेरिकन पोरे जे मोटारीतून करीत, तेच हे, पायी. कुणीतरी दिसावे आणि आपण कुणालातरी दिसावे, एवढाच त्याचा उद्देश. वडीलधारे कितीही नाके मुरडोत, मला त्यात काही गैर वाटत नाही. तरुण माणसाला दिवसातले चार तास बिनकामाचे मिळालेच पाहिजेत.

गेल्या दिवाळीतही मी गेलो होतो. त्या गर्दीत एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा पाठीवर खाण्याची चौकोनी पेटी घेऊन मोटारसायकल ढकलीत निघाला होता. खाणे आता मोटारीपर्यंतच नव्हे, थेट चौथ्या मजल्यापर्यंत जाते. मी विचारले, “आज तरी सुट्टी घ्यायचीस ना रे?” तो म्हणाला, “काका, सुट्टी कधीही घेता येते. आमच्यावर साहेब नाही. पण आज रेट जास्त आहे.” रविवारीही जास्त असतो का, म्हणून विचारणार होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि समोरून येणाऱ्या, त्याच्याच वयाच्या मुलामुलींना “जरा बाजूला, जरा बाजूला” करीत तो स्टेशनच्या बाजूला गेला.