अॅब्लेशनची तारीख लागेपर्यंत

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, माथ्याशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि त्यातून निघणाऱ्या विद्युत्‌संदेशांनुसार विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः ६० ते १०० ठोके पडतात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात या पुंजक्याची हुकमत संपते. अलिंदांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत संदेश उसळू लागतात, अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात, आणि त्या संदेशांपैकी काहीच खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत, वाटेल तसे पोहोचत असल्यामुळे नाडी बहुधा जलद होते आणि तिच्यात ताल म्हणून उरत नाही. बोर्दो येथील मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, झटक्याझटक्याने येणाऱ्या या विकाराची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्ये पडते. कॅथेटर अॅब्लेशन हा उपचार त्याच शोधावर उभा आहे. जांघेतील शिरेतून बारीक नळ्या हृदयात नेऊन त्या शिरांच्या मुखांभोवती उष्णतेने किंवा अतिशीततेने व्रण केले जातात, जेणेकरून तेथील संदेश पुढे जाऊ नयेत.

हा उपचार तातडीचा क्वचितच असतो आणि तो करणारी केंद्रे मोजकी असल्यामुळे, भारतात खर्चाची जुळवाजुळव आणि ब्रिटनसारख्या देशात सरकारी प्रतीक्षायादी यांपायी, रुग्णाला आठवडेच नव्हे तर अनेकदा महिने थांबावे लागते. या काळात रुग्णाचे सगळे लक्ष छातीतल्या धडधडीकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे; परंतु जे जाणवते ते त्रासदायक असले तरी खरा धोका बहुधा न जाणवणाऱ्या गोष्टीत असतो. डाव्या अलिंदाला एक पिशवीसारखे उपांग असते, अलिंद थरथरत राहिले की तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट वाढते, तर संधिवातज्वरामुळे डाव्या बाजूची मिट्रल झडप आकसलेली असल्यास ती त्याहूनही बरीच अधिक असते. असे रुग्ण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळच जास्त आढळतात.

म्हणून प्रतीक्षेच्या काळातील सर्वांत मोलाचे औषध, ज्यांना ते सांगितले असेल त्यांच्यासाठी, रक्तातील गुठळ्या रोखणारे असते; त्याने धडधड रतिभरही कमी होत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ते चुकवले जाते. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा परिणाम काही तासांतच ओसरू लागतो, त्यामुळे एखादी वेळ चुकणेही क्षुल्लक नसते. झडप आकसलेल्या रुग्णांना मात्र वॉरफरिनच दिले जाते, आणि त्यात रक्त गोठण्याची गती दाखवणारा ‘आयएनआर’ हा आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. मेथी, पालक यांतील ‘के’ जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करते. तरीही पालेभाजी सोडण्याची गरज नसते, तर तिचे प्रमाण स्थिर असावे लागते, आणि म्हणून श्रावणात किंवा नवरात्रात आहार एकदम पालटला की हा आकडाही हलू शकतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी यांपैकी कोणत्याही औषधाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवते.

धडधडीचा विचार करताना नाडी मोजण्याची रीतही बदलावी लागते, कारण ताल नसलेल्या नाडीचे पंधरा सेकंदांतील ठोके चौपट करून येणारा आकडा फसवा ठरतो. मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. तेवढ्यानेही पुष्कळदा खरा आकडा हाती लागत नाही, कारण घाईने पडलेल्या काही ठोक्यांत निलय पुरते भरलेलेच नसते आणि त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही. बीटा-ब्लॉकरसारखी औषधे हा वेग आवरतात. विश्रांतीच्या वेळी नाडी ११० च्या आत राहिली तर अनेक रुग्णांत ते पुरेसे मानले जाते. दिवसभर मनगटी घड्याळात ठोके पाहत बसण्याने चिंता वाढते, आणि चिंतेने नाडी.

थांबण्याचा काळ हृदयाच्या दृष्टीने तटस्थ नसतो. मास्ट्रिख्ट येथे मॉरिट्स अॅलेसी यांच्या गटाने १९९५ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, हे कंपन जितके टिकते तितके अलिंद त्याला अधिक पोषक बनत जाते. या काळात उलट दिशेने काम करणाऱ्या गोष्टीही आहेत: लठ्ठ रुग्णाने वजन उतरवणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे, घोरण्यासह झोपेत श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी करून घेणे, आणि मद्य सोडणे, ज्याने झटके कमी होतात हे ऑस्ट्रेलियातील २०२० च्या एका चाचणीत दिसून आले. चहा-कॉफीला मात्र माफक प्रमाणात घेतल्यास बहुधा विनाकारणच दोष दिला जातो.

तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, जीभ अडखळणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही घडले तर घरी थांबू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि रक्त पातळ ठेवणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली होती हे सोबतच्या माणसाने सांगितल्यास पुढील उपचाराचा निर्णय लवकर होतो.

अॅब्लेशनपूर्वी किमान तीन आठवडे ही गोळी अखंड चालू असणे सामान्यतः अपेक्षित असते. खंड पडल्याचे लपवण्यात अर्थ नसतो, कारण शंका असल्यास अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी उतरवून अलिंदाचे ते उपांग पाहिले जाते आणि तेथे गुठळी आढळलीच, तर महिन्यांनी मिळालेली तारीख पुढे ढकलून गोळ्यांचे आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.