विश्लेषण : चार पर्याय, उत्तर एकच, मग वाद का होतो?

स्पर्धा परीक्षा झाली की औरंगपुरा, खडकेश्वर, समर्थनगर भागातल्या अभ्यासिकांत पुढचे काही दिवस चर्चा एकाच गोष्टीची असते : पहिली उत्तरतालिका. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर ती प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि तज्ज्ञांचे अभिप्राय घेऊन अंतिम तालिका लावतो. या दोन तालिकांमध्ये काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. एका-दोन गुणांनी ज्याची संधी हुकते, त्याच्यासाठी हा फरक वर्षभराच्या मेहनतीचा असतो. बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याच्या युक्त्या शिकवणारे वर्ग शहरात गल्लोगल्ली आहेत. असा प्रश्न काढायचा कसा, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

उत्तर दोन का निघतात?

शहराचेच उदाहरण घेऊ. ‘बीबी का मकबरा कोणी बांधला?’ पर्याय : औरंगजेब, आझमशहा, शाहजहान, मलिक अंबर. प्रश्न सोपा वाटतो. पण मकबरा औरंगजेबाच्या काळात त्याच्या पत्नीसाठी उभा राहिला, असे काही पुस्तके सांगतात. तर पर्यटनविषयक माहितीत अनेक ठिकाणी आझमशहाचे नाव आणि १६५१ ते १६६१ हा काळ दिलेला असतो. आता दिलरास बानू बेगमचा मृत्यू १६५७ चा आणि तिचा मुलगा आझमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे १६५१ मध्ये जिच्या स्मारकाचे काम सुरू झाले ती हयात होती आणि ते बांधणारा जन्मालाही आला नव्हता. शिवाय ‘बांधला’ म्हणजे काय? आज्ञा देणारा, पैसा पुरवणारा की आराखडा करणारा? प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत.

ज्याने एकच गाइड वाचले, तो बिनधास्त एक गोल रंगवून पुढे जातो. ज्याने तीन पुस्तके वाचली, तो अडतो. सदोष प्रश्नाचा पहिला बळी जास्त अभ्यास केलेला विद्यार्थी असतो, तो असा. दुरुस्ती मात्र अवघड नाही. ‘बीबी का मकबरा कोणाच्या स्मरणार्थ उभारला गेला?’ असे विचारले की उत्तर एकच उरते. अजिंठ्याचेही तसेच. ‘लेणी किती?’ या प्रश्नाला २९ आणि ३० ही दोन्ही उत्तरे छापील पुस्तकांत सापडतात. नंतर उजेडात आलेले लहान लेणे मोजायचे की नाही, यावर ते ठरते. पर्यायांत २८, २९, ३०, ३१ दिले की हरकत ठरलेलीच. आणि हा आकडा पाठ असणाऱ्याला अजिंठा कळला, असेही नाही.

एका प्रश्नाची किंमत किती?

या प्रश्नाचे उत्तर २०२४ च्या ‘नीट’ने दिले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूविषयी दोन विधाने होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, हे पहिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरे. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, त्यामुळे ‘प्रत्येक’ या शब्दापाशी दुसरे विधान कोसळते. पण एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीचा आधार विद्यार्थ्यांनी दाखवला. राष्ट्रीय चाचणी यंत्रणेने मग दोन्ही पर्याय बरोबर धरले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञांची समिती नेमून उत्तर कळवायला सांगितले. एकच पर्याय, चौथा, बरोबर असल्याचा निर्वाळा आला. दुसरा पर्याय निवडलेल्या सुमारे ४ लाख २० हजार विद्यार्थ्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि चुकीबद्दल एक कापला गेला. प्रत्येकी पाच गुणांची घट. ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्यांची संख्या ४ जूनच्या निकालात ६७ होती, ती सुधारित निकालात १७ वर आली. शेकडो क्रमांक एकेका गुणावर खालीवर होणाऱ्या या परीक्षेत पाच गुण म्हणजे काय, हे लातूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या पालकांना वेगळे सांगायला नको. मुळात दोष होता एका शब्दाचा. ‘पाठ्यपुस्तकातले वाक्य’ आणि ‘शास्त्रीय सत्य’ यांपैकी काय विचारतो आहोत, हे प्रश्नकर्त्याने आधी ठरवले असते, तर हे टळले असते.

चुकीचे पर्याय महत्त्वाचे का?

अनेक प्रश्नकर्ते सगळा जीव प्रश्नात आणि बरोबर उत्तरात ओततात. उरलेले तीन पर्याय शेवटच्या मिनिटाला भरतात. ‘जायकवाडी धरण कोणत्या नदीवर आहे? गोदावरी, यमुना, ब्रह्मपुत्रा, कावेरी.’ पैठण नकाशावर न दाखवता येणाराही याचे उत्तर देईल. यमुना आणि ब्रह्मपुत्रा हे पर्याय नव्हेतच, ती कागदावरची शाई आहे.

याचा हिशेब गुणांत मांडता येतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण कापला जातो. काहीच माहिती नसताना चारपैकी एक गोल रंगवला, तर सरासरीने प्रश्नामागे केवळ ०.१२५ गुण पदरात पडतो. दोन पर्याय वाचताक्षणीच बाद होणारे असतील, तर हीच सरासरी ०.७५ होते. असे वीस प्रश्न पेपरात असतील, तर विषय न वाचलेल्यालाही सरासरी पंधरा गुणांची खिरापत मिळते. नकारात्मक गुणांची भीती दाखवून अंदाजपंचे उत्तरे थांबत नाहीत. पर्याय नीट लिहिले की थांबतात.

चांगला चुकीचा पर्याय म्हणजे विद्यार्थी खरोखर करतात ती चूक. जायकवाडीचाच प्रश्न असा विचारून पाहा : ‘मराठवाड्यात फारसा पाऊस नसतानाही काही वेळा जायकवाडीचा साठा वाढतो, कारण...’ पर्याय : (१) नाशिक-अहिल्यानगर भागातील पाणी गोदावरीतून खाली येते, (२) मांजरा नदीचे पाणी पैठणच्या वर गोदावरीत येते, (३) उजनीचे पाणी कालव्याने नाथसागरात येते, (४) पूर्णा नदीचे पाणी पैठणच्या वर गोदावरीत येते. पूर्णा आणि मांजरा गोदावरीला मिळतात हे खरे, पण पैठणच्या पुष्कळ खाली. उजनी भीमेवर आहे, ते खोरेच वेगळे. आता ज्याने दुसरा किंवा चौथा पर्याय निवडला, त्याला नद्यांची नावे माहीत आहेत पण नकाशा नाही, हे शिक्षकाला कळते. तिसरा निवडणाऱ्याचा घोळ खोऱ्यांचा आहे. एकाच प्रश्नातून दोन वेगवेगळी दुखणी सापडतात.

असे पर्याय कुठून आणायचे? शिक्षकांकडे ती खाण आहेच. तोच प्रश्न आधी वर्गात पर्यायांशिवाय विचारायचा आणि आलेली चुकीची उत्तरे टिपून ठेवायची.

मराठी उत्तर कसे फोडते?

इंग्रजीतली मार्गदर्शक पुस्तके हा धोका सांगत नाहीत, कारण तो आपल्या भाषेचा आहे. ‘शहराची ओळख असलेली, विणकरांनी जपलेली वस्तू कोणती? गालिचा, हिमरू शाल, फेटा, पितांबर’ हा प्रश्न ठीक आहे, कारण ‘वस्तू’ या शब्दामागे चारही पर्याय लपतात. पण तोच प्रश्न ‘विणकरांनी जपलेली ही ____ शहराची ओळख आहे’ असा रिकाम्या जागेचा केला की ‘जपलेली’ हे रूप स्त्रीलिंगी उत्तर मागते. गालिचा, फेटा, पितांबर आपोआप गळतात. क्रियापदे आणि विशेषणे लिंगवचनाप्रमाणे बदलणाऱ्या भाषेत रिकामी जागा ही उत्तर फोडण्याची हमखास जागा असते.

दुसरी अडचण नकाराची. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?’ हे वाक्य निवांत घरी वाचतानाही दोनदा वाचावे लागते. परीक्षेत ते वाचनाची कसोटी बनते, विषयाची नव्हे. नकार टाळता येत नसेल, तर तो शब्द ठळक छापावा, एवढे तरी करता येते. तिसरी अडचण अनुवादाची. ‘नीट’ मराठीतूनही देता येते, पण अनुवादाबाबत शंका आल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. इंग्रजीत रचलेला प्रश्न शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरवला की ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याचा वेळ अर्थ लावण्यातच जातो.

याखेरीज जुन्या खुणा आहेतच. बरोबर पर्याय सर्वांत लांब असतो, कारण प्रश्नकर्ता त्यात अटी घालून तो निर्दोष करत बसतो. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सर्वच’ असलेले पर्याय सहसा चुकीचे निघतात. या खुणा क्लासमध्ये शिकवल्या जातात आणि त्या लागू पडतात. दोष शिकणाऱ्यांचा नाही.

‘वरीलपैकी सर्व’चे काय?

तीन विधाने देऊन ‘फक्त अ’, ‘अ आणि ब’, ‘ब आणि क’, ‘वरीलपैकी सर्व’ असे पर्याय देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. क चूक आहे एवढेच ठाऊक असले, तरी शेवटचे दोन पर्याय बाद होतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०२३ च्या पूर्वपरीक्षेत बऱ्याच प्रश्नांत ‘यांपैकी किती विधाने बरोबर’ असे विचारून ही वाट बंद केली. त्यामुळे तुक्का अवघड झाला, हे खरे. पण दोन विधाने पक्की माहीत असलेला आणि एकही माहीत नसलेला, दोघेही एकाच पंगतीत बसले. शिवाय दोन चुका एकमेकींना खोडून उत्तराचा आकडा बरोबरही येऊ शकतो. या पद्धतीला फार डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

पर्याय चारच का?

परंपरा म्हणून. बहुपर्यायी चाचणीचे श्रेय सहसा अमेरिकेतील कॅन्सस येथील फ्रेडरिक केली यांना दिले जाते. त्यांचे काम १९१४-१५ च्या सुमाराचे. तपासणाऱ्याच्या मर्जीनुसार गुण बदलू नयेत, ही त्यामागची तळमळ होती. १९३८ मध्ये आयबीएमचे पेन्सिलीच्या खुणा वाचणारे यंत्र आले आणि पद्धत जगभर पसरली. पर्यायांच्या संख्येवरील ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये घेतला. बहुतेक ठिकाणी तीन पर्याय पुरेसे असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता, कारण चौथा चांगला पर्याय सहसा सुचतच नाही. शाळेच्या घटक चाचणीत तरी हे करून पाहायला हरकत नाही.

प्रश्न फसला, हे कळते कसे?

निकालाच्या आकड्यांवरून. समजा, १०० विद्यार्थ्यांनी पेपर दिला. एकूण गुणांनुसार वरचे २७ आणि खालचे २७ वेगळे काढायचे. एखादा प्रश्न वरच्यांपैकी २४ आणि खालच्यांपैकी ९ जणांनी बरोबर सोडवला असेल, तर प्रश्न आपले काम करतो आहे. पण वरच्यांपैकी ९ आणि खालच्यांपैकी १४ जणांचे उत्तर बरोबर ठरले, तर उत्तरतालिका चुकली आहे किंवा जाणकाराला दुसरा पर्यायही पटतो आहे. हे काम वही आणि कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासात होते. एकाही विद्यार्थ्याने न निवडलेला पर्यायही यात दिसतो. तो पुढच्या वर्षी बदलायचा.

करोनाकाळात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी पद्धतीने घेतल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठही त्यात होते. दीर्घोत्तरी प्रश्नांत मुरलेल्या प्राध्यापकांना अल्पावधीत बहुपर्यायी प्रश्नांचे संच करावे लागले. भरती परीक्षांत तर हा ताण कायमचा आहे. २०२३ ची तलाठी भरती परीक्षा अनेक सत्रांत झाली. प्रत्येक सत्राला वेगळा पेपर आणि मग त्यांची काठिण्य पातळी जुळवण्यासाठी सामान्यीकरण. त्यात २०० पैकी २१४ गुण दिसले आणि गदारोळ झाला.

न्यायालयात काय होते?

भरतीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात येतात. दोन्ही शहरात आहेत. पण दाद मिळणे सोपे नाही. कानपूर विद्यापीठाच्या १९८३ च्या खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले की, उत्तरतालिका चूक असल्याचे स्पष्टपणे सिद्ध होईपर्यंत ती बरोबर मानावी. मात्र ती निर्विवाद चूक ठरली, तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याला नको. संदिग्ध प्रश्न टाळण्याची काळजी प्रश्नकर्त्यांनीच घ्यावी, हेही त्यात होते. रणविजय सिंह खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने शंकेचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दिला. त्यामुळे हरकत घेताना ‘मला असे वाटते’ चालत नाही. प्रमाणित पुस्तक, आवृत्ती आणि पान लागते.

वर्णनात्मक मुख्य परीक्षेने प्रश्न सुटेल?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती दोन वर्षे पुढे ढकलली गेली होती. पण मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचवणारी पूर्वपरीक्षा बहुपर्यायीच आहे. ‘नीट’, सीईटी, सेट आणि तलाठ्यासारख्या सरळसेवा भरतीच्या परीक्षाही तशाच आहेत. त्यामुळे पेपर छापण्यापूर्वी करायचा एक साधा उपाय सर्वांनाच लागू पडतो : उत्तर न सांगता प्रश्न त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला सोडवायला द्यायचा. त्याने वेगळा गोल रंगवला, तर हरकत परीक्षेआधीच आली असे समजायचे.