शब्द एक, नाती तीन

'होमॉलॉजी' हा शब्द जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित अशा तिन्ही विषयांत भेटतो. अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा.

जीवशास्त्रात तो समान पूर्वजाचा वारसा सांगतो. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांची कामे वेगळी, पण हाडांची मूळ मांडणी एकच. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनपेक्षा अवघ्या एका अमिनो आम्लाने वेगळे असते. म्हणूनच ते मधुमेहींना अनेक दशके देता आले.

गणितात पूर्वजाचा प्रश्नच नाही. आंरी प्वांकारे यांनी १८९५ मध्ये मांडलेली होमॉलॉजी, सोप्या भाषेत, आकारातली छिद्रे मोजते. मेदूवडा आणि कानाचा कप या हिशेबात सारखेच, कारण दोघांत छिद्र एकच.

रसायनशास्त्रात समजातीय श्रेणीतील लगतच्या संयुगांत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंचा फरक असतो. मिथेनॉल आणि इथेनॉल अशीच शेजारी. इथेनॉल म्हणजे मद्यातले अल्कोहोल. मिथेनॉलचे मात्र शरीरात फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते, प्राणही जातो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरच्या आसपास बळी घेतले. दोघांवर यकृतातले एकच विकर काम करते आणि ते इथेनॉलला आधी धरते. त्यामुळे विषबाधेवर डॉक्टर कधी कधी इथेनॉलच देतात. हा घरगुती उपाय मात्र नव्हे. दारू प्यायल्यावर धूसर दिसू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे.