सायकलीचा बैल, मोटारीचं माकड

छत्रपती संभाजीनगरला येणारा पाहुणा वेरूळ पाहिल्याशिवाय परत जात नाही. तिथलं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे. नको तो दगड काढला आणि उरलं ते शिल्प. विसाव्या शतकातल्या काही शिल्पकारांनी याच्या नेमकं उलट केलं. ते तुकड्याला तुकडा जोडत गेले, आणि ही जोडायची विद्या त्यातले दोन मोठे लोक चक्क मोटारींच्या कारखान्यात शिकले! शहराजवळ १९८५ पासून वाळूजमध्ये बजाज आणि २००१ पासून शेंद्र्यात स्कोडा आहे. म्हणजे शिल्पकलेची ही दुसरी वाटही या शहराच्या अगदी दारातून जाते.

पहिला हुलिओ गोन्झालेझ. बार्सिलोनातल्या धातुकाम करणाऱ्या घरातला हा माणूस १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी लोखंडात काही करून बघायचं म्हणून एक मित्र त्याच्याकडे आला. तो मित्र म्हणजे पाब्लो पिकासो.

पुढे १९४२ मध्ये पिकासोने सायकलची जुनी सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडल्या. सीटचा झाला चेहरा, हँडलची झाली शिंगं, आणि बैल तयार. १९५१ मध्ये त्याने मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी उचलल्या आणि एकीखाली एक उलटी ठेवून माकडिणीचं तोंड केलं. वरच्या मोटारीची समोरची काच म्हणजे तिचे डोळे!

दुसरा अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ. १९२५ मध्ये तो स्टुडबेकर मोटार कारखान्यात कामगार होता, तर दुसऱ्या महायुद्धात इंजिनं आणि रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. शेतीच्या टाकाऊ अवजारांपासून त्याने ‘अ‍ॅग्रिकोला’ नावाची अख्खी मालिका केली. मराठवाड्यात गोठ्यामागे गंजत पडलेले नांगर, कोळपी पाहिली की ही मालिका हमखास आठवते. १९६२ मध्ये इटलीतल्या व्होल्त्री गावच्या बंद पोलाद कारखान्यात तो उतरला आणि तिथल्याच भंगारातून महिनाभरात २७ शिल्पं उभी केली.

एवढा वेग आला कुठून? कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, कळेल. वेल्डर आधी पूर्ण सांधा भरत नाही. एखाद-दोन ठिकाणी नुसता टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा तात्पुरता सांधा, मारतो, मुखवटा वर करतो, डोळा बारीक करून बघतो. तिरकं वाटलं तर हातोडीचा एक ठोका, की टॅक सुटला. पुन्हा लावा. सगळं जमलं की मग सलग वेल्डिंग, वर साचलेली मळी, म्हणजे स्लॅग, ठोकून काढायची आणि ग्राइंडर फिरवायचा. संगमरवरात छिन्नी चुकली की नाक गेलंच. इथे मात्र मत बदलायची मुभा शेवटपर्यंत असते. माझ्या मते या कलेची खरी ताकद हीच.

आपल्या मुंबईतही हे घडलं. जाहिरात क्षेत्रात काम केलेल्या पिलू पोचखानवाला १९५१ च्या युरोप प्रवासानंतर शिल्पकलेकडे वळल्या आणि पुढे भंगार लोखंडाला टाके घालू लागल्या. त्यांचे समकालीन आदी दावियरवाला मूळचे औषधशास्त्राचे. लाकूड कोरता कोरता तेही धातूकडे आले. ही नावं आपल्या शाळांच्या चित्रकला तासाला कानावर पडत नाहीत, याचं वाईट वाटतं.

आणि धातूला प्राण्याचं रूप देणं संभाजीनगरकरांना काही नवं नाही. दौलताबाद किल्ल्यावरची मेंढा तोफ मागच्या बाजूने बघा. गोळा सुटतो त्या तोंडाकडे नाही, पार दुसऱ्या टोकाला, शिंगं वळवलेलं मेंढ्याचं डोकं आहे. ही तोफ ओतीव आहे, जोडीव नाही. पण जिथे नुसता गोल शेवट चालला असता तिथे मेंढा बसवणारा कारागीर पक्का शिल्पकारच म्हणायचा.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखानदारांना म्हणून एक विनंती. वाकलेले गिअर, तुटक्या साखळ्या, पत्र्याच्या कातरणी भट्टीकडे रवाना करण्याआधी त्यातला एक ढीग शहरातल्या शासकीय कला महाविद्यालयाच्या मुलांसाठी बाजूला काढा. जमलं तर सोबत आठवडाभर आपला एक मुरलेला वेल्डरही पाठवा.