बायबलांतील शरणपुरें

निराश्रितास थारा देणें हें आपण पुण्यकर्म समजतों. दारीं आलेल्यास आंत घ्यावें कीं नाहीं, हें यजमानाच्या मनावर असतें. घेतलें तर लोक त्याची वाखाणणी करतात. बायबलाच्या जुन्या करारांत या विषयाची मांडणी निराळी आहे. तेथें आश्रय हा दयाळू माणसाच्या लहरीवर सोडलेला नाहीं. तो कायद्यांत घातला आहे. त्याला वाट आहे, वेस आहे, चौकशी आहे. ती व्यवस्था कशी होती आणि ती कोठें मोडली, हें आज सांगावयाचें आहे.

दोन माणसें रानांत लांकडें तोडावयास जातात. एकजण कुऱ्हाड उगारतो, तों पातें दांड्यांतून निसटतें आणि सोबत्यास लागून तो मरतो. हें उदाहरण 'अनुवाद' या पुस्तकांतलेंच आहे. त्या काळीं इस्राएल लोकांत रक्ताचा सूड घेणें हें मृताच्या जवळच्या नातलगाचें कर्तव्य असे. या नातलगास हिब्रू भाषेंत 'गोएल' म्हणत. संतापलेल्या गोएलास हेतु आणि अपघात यांतील भेद कोण समजावणार? म्हणून यार्देन नदीच्या पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन आणि पूर्वेस बेसेर, रामोथ व गोलान अशीं सहा नगरें नेमण्यांत आलीं. देशाचे भाग पाडून रस्ते तयार ठेवावे, अशी आज्ञा आहे. कारण वाट लांबली तर पळणाऱ्यास मध्येंच गांठून मारतील. चौरस्त्यांवर 'आश्रय' अशीं अक्षरें असलेल्या पाट्या असत, असें पुढील काळच्या तालमूद ग्रंथांत सांगितलें आहे. धांवत्या माणसावर वाट विचारण्याची पाळीसुद्धां येऊं नये!

पळून आलेल्यानें वेशींत उभें राहून गांवच्या वडिलांस हकीकत सांगावी, त्यांनीं त्यास आंत घेऊन जागा द्यावी, आणि पुढें मंडळीसमोर त्याचा न्याय व्हावा. एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणास देहांत शिक्षा नसे. हा हक्क इस्राएलांप्रमाणेंच त्यांच्यांत राहणाऱ्या परक्यासही होता. पण निर्दोष ठरलेला मनुष्यही लगेच घरीं जात नसे. मुख्य याजक मरेपर्यंत त्यानें त्याच नगरांत राहावें. हद्दीबाहेर पाऊल टाकल्यास गोएल मोकळा. हेतु नसला तरी त्याच्या हातून एक जीव गेला होता, ही गोष्ट कायदा विसरत नाहीं. यावर मिश्ना ग्रंथांत एक मौजेचा मजकूर आहे. मुख्य याजकांच्या आया या लोकांस अन्नवस्त्र पुरवीत. कां, तर सुटकेच्या आशेनें यांनीं आपल्या मुलाच्या मरणासाठीं प्रार्थना करूं नये! परोपकाराचें इतकें प्रामाणिक कारण धर्मग्रंथांत क्वचितच सांपडेल.

आतां हेब्रोनची गोष्ट. शौलाच्या घराण्याचा सेनापति अबनेर याच्या हातून लढाईंत असाएल मारला गेला. असाएल त्याचा पाठलाग करीत होता, आणि मागें फिरण्याविषयीं अबनेरानें त्यास दोनदां सांगितलें होतें. पुढें अबनेर सलोख्यासाठीं हेब्रोनास दाविदाकडे आला व दाविदानें त्यास शांतीनें वाटेस लावलें. असाएलाचा भाऊ यवाब यानें दाविदाच्या नकळत जासूद पाठवून त्यास परत आणविलें, गुप्त बोलण्याच्या मिषानें वेशींत एका बाजूस नेलें, आणि पोटांत वार करून ठार केलें. हेब्रोन हें शरणपुर; आणि ज्या वेशींत वडिलांनीं शरणागताची हकीकत ऐकावयाची, त्याच वेशींत हा दगा झाला! दावीद शवामागून चालला, रडला, त्यानें उपास केला. परंतु यवाबास शासन करण्याचें बळ त्याच्या अंगीं नव्हतें. नियम होता, नियम चालविणारा हात नव्हता. पुष्कळ वर्षांनीं शलमोनाच्या भयानें तोच यवाब परमेश्वराच्या मंडपांत पळाला व त्यानें वेदीचीं शिंगें धरलीं. त्याचा तेथेंच वध झाला. कारण दगा करून मारणाऱ्यास वेदीपासूनही ओढून न्यावें, असा निर्गमांतील नियम आहे. शलमोनाच्या मनांत राज्याचे हिशेबही होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

खुनाचा प्रसंग विरळा, दारिद्र्य रोजचें. त्याविषयींचे नियम घरगुती आहेत. जातें किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊं नये, कारण तें माणसाचें जीवितच गहाण घेणें होय. विधवेचें वस्त्र घेऊं नये. गरिबाचें पांघरूण घेतलें असल्यास दिवस मावळेपर्यंत परत करावें. शेताचे कोनेकोपरे कापूं नयेत, विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊं नये. ती परका, पोरका आणि विधवा यांची. मवाबी रूथ बेथलेहेमांत बवाजाच्या शेतांत सरवा वेंचीत होती, ती याच नियमाच्या आधारें. विधवाही तीच, परकीही तीच. पुढें बवाज तिचा गोएल झाला. सूड घेणारा आणि सोडविणारा या दोघांस हिब्रू भाषेंत एकच शब्द आहे!

मला सर्वांत धीट वाटतो तो पळालेल्या दासाविषयींचा नियम. बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत पळालेला गुलाम घरांत लपविणाऱ्यास मरणाची शिक्षा आहे. अनुवादांत याच्या उलट, असा दास धन्याच्या हवालीं करूं नये, त्याला रुचेल त्या गांवीं त्यानें राहावें, त्यास जाचूं नये, असें म्हटलें आहे. जुन्या करारानें गुलामगिरी उठविली नाहीं; पण पळणाऱ्याच्या मागचें दार लावून घेण्यास सांगितलें.

'शरणपुर' हा मराठी बायबलांतील शब्द नाशिककरांस परका नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकजवळ याच नांवाची वसाहत केली. तेथील रस्त्यास आजही तें नांव आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारीं गलबतें इंग्रजी आरमार पकडी. सुटलेल्यांपैकीं कित्येक मुलें मुंबईस उतरत, आणि त्यांतलीं कांहीं या शरणपुरास येत. तेथें त्यांस लिहिणें-वाचणें व हातचे धंदे शिकवीत. नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट हा १८७२ सालीं लिव्हिंग्स्टनच्या मदतीस गेलेल्या तुकडींत होता. १८७३ च्या मे महिन्यांत, आज झांबियांत असलेल्या चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां झाडावर त्याचें नांव जेकबनें कोरलें. सोबत्यांनीं शव समुद्रापर्यंत वाहून नेलें, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनाच्या वेळीं पेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. त्यानंतर लवकरच, १८७५ च्या सुमारास, मोंबासाजवळ फ्रीरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीयर यांचें तें नांव. शरणपुरांत वाढलेले कित्येक स्त्रीपुरुष तिकडे गेले, आणि गलबतांतून नव्यानें सुटून येणाऱ्यांस शिकविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पूर्व आफ्रिकेंत या लोकांस 'बॉम्बे आफ्रिकन' असें म्हणत.