गाडी दारात, पण युनिटचा भाव काय?

परवा जेवणं आटोपल्यावर ह्यांनी हळूच विषय काढला, "इलेक्ट्रिक कारच घेऊ." कारणही तसंच. सासूबाईंना महिन्यातून दोनदा तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरा. भाड्याच्या गाडीपायी महिन्याचं गणितच कोलमडतं.

"तिरोड्यात विजेला काय तोटा?" हे म्हणाले. खरंच, इथल्या अदानींच्या औष्णिक केंद्राची क्षमता 3300 मेगावॅट. पण मैत्रिणींनो, चिमणी गच्चीवरून दिसते म्हणून लाइट बिल थोडंच कमी येतं! मी बिलांची फाइलच काढली.

छोटी कार एका युनिटला साधारण सहा-सात किलोमीटर जाते. दोन फेऱ्यांचे झाले 75-80 युनिट. आमचा घरचा वापर नव्वदच्या आसपास. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटना 4 रुपये 71 पैसे, तर पुढे तीनशेपर्यंत 10 रुपये 29 पैसे, वहन आकार वेगळा. म्हणजे गाडीचे बहुतेक युनिट महागड्या टप्प्यात! तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपासच. पेट्रोल त्याहून कितीतरी महाग.

पण छोट्या गाडीत जाणं-येणं एका चार्जिंगवर भागेलच असं नाही. बाहेर चार्ज केलं की भाव वेगळा. 2018 साली केंद्राने स्पष्ट केलं, चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, सेवा. त्यामुळे स्टेशन काढायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे बरंच झालं. पण सेवा म्हटली की जीएसटी आला. 2023 मध्ये कर्नाटकातल्या जीएसटी प्राधिकरणाने तो 18 टक्के ठरवला. गाडी घेताना 5 टक्के आणि चार्ज करताना 18! घरच्या विजेवर जीएसटी नाही. ज्यांना स्वतःचं अंगण नाही, त्या भाडेकरू बाईने काय करायचं? तिला कायम महागच.

राज्याच्या 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय. सोय होईल, पण युनिट कितीला?

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "दवाखान्यात माझा नंबर लागेपर्यंत गाडी भरून होईल की!"

खरं आहे बाई. ह्यांना सांगितलंय, बुकिंगच्या आधी त्या दवाखान्याजवळचं चार्जिंग स्टेशन शोधा आणि जीएसटीसकट तिथला दर कागदावर लिहून आणा.